सात वारांचं ताट

ज्याला आज क्षय असल्याचं कळलं आहे, त्याला धीर येईल असं काहीतरी लिहावं म्हणून मी बसलो. दोन-तीनदा सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी खोटंच उतरलं. धीर देणं मला जमत नाही. आमच्या घरात कोणालाही विचारा. तेव्हा जे झालं ते सांगतो. त्यातून कोणाला काही उचलता आलं तर उचलावं.

आजारातून मी उठलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. जे गेलं ते वेगळंच.

*

मी आंजर्ल्याचा. वडील भिक्षुकी करत. श्रावण लागला की पंचा खांद्यावर टाकून आसपासची सगळी गावं पायी फिरत आणि गुडघे सुजवून घरी येत. मॅट्रिकला मला बरे मार्क पडले आणि रत्नागिरीच्या कॉलेजात फ्रीशिप मिळाली. हर्णैच्या बंदरावर मला बोटीत बसवून देताना वडील म्हणाले, "बी. ए. हो नि कुठे हायस्कुलात चिकट. तू मास्तर झालास की मी पंचांग खुंटीला लावतो." आमच्या घरात त्याहून मोठं स्वप्न कोणी पाहिलेलं नव्हतं.

वसतिगृहात झोपायची सोय होती, जेवायची नव्हती. त्यामुळे मी वार लावले. ही पद्धत आता उठत चालली आहे म्हणून सांगतो. आठवड्याचे सात वार, त्यांना सात घरं. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. एका घराला एका पोराचं एक दिवसाचं जेवण जड होत नाही आणि पोराचा आठवडा निघतो. त्या घरांची आडनावं होती, पण मी त्यांना वारांनीच ओळखू लागलो. सोमवार म्हणजे झाडगावातले वकील. मंगळवार म्हणजे वरच्या आळीतल्या काकू, त्यांचे यजमान पोस्टात होते. गुरुवार म्हणजे साजूक तूप.

वाराच्या मुलाला काही नियम असतात. पानात टाकायचं नाही. आपणहून मागायचं नाही. आणि आजारी पडायचं नाही. हा तिसरा नियम कोणी सांगत नाही, पण तो असतो.

*

इंटरच्या वर्षी दिवाळीनंतर मला संध्याकाळी कणकण वाटू लागली. रात्री घामानं उशी भिजायची. खोकला होता, तो मी समुद्राच्या वाऱ्यावर ढकलला. पण सगळ्यात आधी मेली ती भूक. पान समोर आलं की मळमळायचं.

आता हे सात घरांतल्या सात बायकांच्या लक्षात यायला हवं होतं. आलंही. पण प्रत्येकीनं त्याचा अर्थ असा लावला, की आदल्या दिवशीच्या घरी मला जास्त चांगलं जेवायला मिळालं. वकिलांच्या वहिनी वाढता वाढता म्हणत, "रविवारी पुरण असेल हो त्यांच्याकडे. आता आमच्या आमटीत कसं मन लागेल?" बुधवारच्या बाई विचारत, "काल काय केलंन होतं रे मंगळवारी?" मी सांगे, आमटी-भात. ते त्यांना खरं वाटत नसे. गुरुवारच्या बाईंनी तर चंगच बांधला आणि भातावर तूप ओतू लागल्या. मला ते बघवत नसे. मी चार घास कसेबसे गिळायचो, तर त्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "बुधवारवाल्यांनी लाडावून ठेवलंन आहे त्याला."

माझ्यावरून त्या सात घरांत अशी चुरस लागली होती आणि मी दर आठवड्याला वाळत होतो. एकाच घरी मी सलग जेवत असतो, तर त्या बाईनं माझा कान धरून मला डॉक्टरकडे नेलं असतं. कोकणातल्या बायका ह्या बाबतीत ऐकून घेत नाहीत. पण प्रत्येकीला मी आठवड्यातून एकदाच दिसे आणि एका वारासाठी कोण कशाला चौकशी करील? प्रोफेसरांना माझे निबंध दिसत, ते चांगले होते. वसतिगृहाच्या रेक्टरांना माझी वळकटी दिसे, ती नीट गुंडाळलेली असे. थोडा थोडा मी सगळ्यांना दिसत होतो, सबंध कोणालाच दिसत नव्हतो.

मला कोणाचाही राग नाही, असं लिहायची रीत आहे. मला होता.

*

कॉलेजची टेकडी चढताना खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर लाल दिसलं. आमचे इंग्रजीचे प्रोफेसर मागून येत होते. त्यांनी रुमाल पाहिला आणि तसंच माझ्या दंडाला धरून खाली दवाखान्यात नेलं. त्या दिवशी त्यांचा तास बुडाला. त्यांना स्वतःचा तास बुडवायला लावणारा मी एकटाच विद्यार्थी असेन.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मग विचारलं, "राहतोस कुठे?"

"वसतिगृहात."

"आणि जेवतोस?"

मी वार मोजून दाखवू लागलो. वकील, वरच्या आळीतल्या काकू असं करत शुक्रवारपर्यंत पोचलो, तेव्हा डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला.

"ह्या घरांत लहान मुलं आहेत?"

"सगळ्या घरांत आहेत."

"त्यांना सांगावं लागेल," ते म्हणाले. "मुलांना तपासायला आणायला हवं. मी माणूस पाठवू, की तू सांगतोस?"

मी सांगतो म्हणालो. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. बहुतेक असं वाटलं, की ज्यांचं खाल्लं त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. मरणाची भीती मला त्या खुर्चीत वाटली नाही. वकिलांचा धाकटा माझ्या मांडीवर बसून जेवायचा, तेवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

मी पायी निघालो. वकिलांच्या वहिनींनी ऐकलं आणि पदर तोंडावर घेऊन आत गेल्या. आतून त्या मुलाला हाका मारत होत्या. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही, तेव्हा मी निघालो. पुढच्या दोन घरी माझ्या आधी बातमी पोचली होती. गुरुवारच्या बाई पायरीवर उभ्या होत्या. "बाहेरच थांब हो विनायक," असं त्या इतक्या मवाळपणे म्हणाल्या, की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवारच्या काकूंकडे मी सगळ्यात शेवटी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलांना कधी आणायचं ते विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पडवीत पत्रावळ मांडून मऊ भात वाढला आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसल्या. मी जेवलो, पत्रावळ उचलून मागच्या नारळीच्या आगरात पुरली आणि त्यांना नमस्कार केला, तो लांबूनच.

*

क्षयाचा वॉर्ड मुख्य दवाखान्यापासून बाजूला, काजूच्या झाडांपलीकडे होता. लांबट खोली, दोन्हीकडे खाटा, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. इथे आलेल्या माणसाला पहिलं काम शिकावं लागतं ते पडून राहण्याचं. ते सोपं नाही. सकाळी ताप बघत, मग कमरेत सुई टोचत, मग पुड्या देत. त्या पुड्यांनी तोंडाला अशी चव येई, की पाणीसुद्धा कडू लागे. दुपारी पुन्हा ताप बघत. संध्याकाळी बंदरात बोटीचा भोंगा वाजला की ज्याचं गाव समुद्राकाठी, तो कूस बदले. सुयांनी माझ्या कानात सतत रातकिडे वाजू लागले. डॉक्टर म्हणाले, तेवढं चालायचंच. ते रातकिडे अजून आहेत.

ज्यांना वॉर्डात जायचं आहे त्यांना एवढंच सांगतो: शेजारच्याच्या तापाचा आकडा विचारू नका. त्याचा उतरला तर हेवा वाटतो आणि चढला तर बरं वाटतं, आणि मग स्वतःचंच तोंड बघवत नाही.

माझ्या शेजारी इब्राहीम तांडेल होता, नाटे गावचा. उभा जन्म समुद्रात, मचव्यावर गेलेला. खोकताना खाट हलायची आणि खोकला थांबला की बोलणं पुढे चालू. त्याचा भाऊ आठवड्याला उकडलेली अंडी घेऊन यायचा. डॉक्टरांनी मलाही अंडी खायला सांगितली होती. मी भिक्षुकाचा मुलगा, मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

"खा रे बामना," इब्राहीमनं सोललेलं अंडं माझ्या पुढ्यात धरलं. "तुझा देव तुला बघतो हाय की नाय, मना ठावक नाय. डॉक्टर मात्र रोज बघतो हाय."

मी तोंड फिरवलं. तो हसला. "सात घरची चूल तुला चालली. आता माझी एक चूल का चालत नाय? बरं, खाऊ नको. मीठ लावून नुसता बघत बस."

त्या आठवड्यात आई आली. तरीतून खाडी ओलांडून, मग बोटीनं, एकटी. तिच्या देखत इब्राहीमच्या भावानं अंडी आणून ठेवली आणि त्यांतलं एक माझ्या तिपाईवर ठेवलं. आईनं ते पाहिलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "औषध म्हणून खा हो. मी बघत नाहीये." मी खाल्लं. ती पाठमोरीच रडत होती. नंतर तिनं इब्राहीमच्या भावाला आमच्या झाडाचे नारळ दिले आणि "ह्याच्यासाठी पुन्हा आणाल ना?" असं विचारलं. आमच्या घराण्यात तोवर कोणी असं विचारलेलं नव्हतं.

एकदा इब्राहीमनं विचारलं, "सात घरी जेवलास, आनी एक पन मानूस तुला बघायला येत नाय?"

"त्यांच्या घरी मुलं आहेत, चाचा."

"माझ्या भावाला नायत काय?"

काकूंनी मात्र दवाखान्यातल्या कंपाउंडरबरोबर एकदा मेतकूट पाठवलं होतं. आणि त्या कंपाउंडरनंच एका सकाळी सांगितलं, की सातही घरची मुलं तपासली, सगळी निर्मळ निघाली. त्या दिवशी मी लहान मुलासारखा झोपलो. सबंध आजारपणात मला देवाचे आभार मानावेसे वाटले ते त्या एका दिवशी.

पावसाळा संपता संपता इब्राहीम गेला. मला फोटोसाठी नेलं होतं. परत आलो तर त्याची खाट उन्हात काढून धूत होते. भाऊ आला, सामान बांधलं आणि जाताना सवयीनं माझ्या तिपाईवर एक अंडं ठेवून गेला.

*

घरचंही सांगायला हवं. आजार एकट्याला होत नाही, घराला होतो. वडिलांनी गावात सांगितलं, की विनायकला हिवताप आहे. दुसरं काय सांगणार? क्षय म्हटलं असतं तर त्यांना कोणी पूजेला बोलावलं नसतं आणि माझ्या बहिणीला, सुमनला, कोणी बघायला आलं नसतं. मी खाटेवर असताना तिचं लग्न ठरलं आणि झालंही. मुलाकडच्यांना भाऊ परीक्षेत अडकलाय असं सांगितलं होतं. मला तिकडून पुडक्यात बुंदीचे लाडू आले. सुमनच्या हातचा कागद नव्हता. तिला बजावलं असणार, की तिकडे काही पाठवू नकोस. मी लाडू वॉर्डात वाटले आणि माझी परीक्षा चांगली चालली आहे असं सगळ्यांना सांगितलं. ते हसले. त्या हसण्यानं मला बरं वाटलं, ते नाकारत नाही.

*

मग पुढचा उन्हाळा संपता संपता मी बरा झालो. थुंकी साफ आली, वजन वाढलं. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला. आजवर ते हात लावत ते फक्त तपासायला. "आता तुझ्यापासून कोणाला धोका नाही," ते म्हणाले. "फक्त दोन वेळ पोटभर जेव आणि अंगाबाहेर काम करू नकोस. एवढं पाळलंस तर म्हातारा होशील."

मी तडक कॉलेजात गेलो. इंग्रजीच्या प्रोफेसरांनी माझ्यासाठी खरोखर जिवाचं रान केलं. बुडालेली फ्रीशिप प्रिन्सिपॉलांशी भांडून परत मिळवून दिली. पुस्तकं दिली. वसतिगृहात पुन्हा घ्यायला मुलांचे पालक तयार होईनात, तर एका देवळामागच्या धर्मशाळेत खोली मिळवून दिली. शेवटी ते म्हणाले, "आता तुझं सगळं मार्गी लागलं."

"सर, जेवणाचं?" मी विचारलं.

ते चष्मा काढून पुसत राहिले. "माझ्याकडे ये म्हणालो असतो रे. पण घरात लहान मुलं आहेत. मी समजावून पाहिलं, हिचा धीर होत नाही." ते खरं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. कॉलेजला जे देता येत होतं ते सगळं कॉलेजनं दिलं. विद्यार्थ्याला पोट असतं, ही गोष्ट तिथे कोणाच्याच खात्यात येत नव्हती.

मी पुन्हा वार मागायला निघालो. डॉक्टरांचं म्हणणं मी प्रत्येक दारात सांगे आणि प्रत्येक दारात लोकांना आनंद होई. खोटा नव्हे, खराच. वकील म्हणाले, "वा, छान झालं. तब्येतीला जप." वहिनींनी पायरीवरच फुलपात्रात पाणी दिलं. मी निघाल्यावर ते फुलपात्र राखेनं घासल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. बुधवारी दुसऱ्या मुलाचा वार लागला होता. गुरुवारच्या बाई म्हणाल्या, "आमचा काही आक्षेप नाही हो, पण शेजारी राहू देणार नाहीत." शेजारच्या बाईही अगदी तेच म्हणाल्या असत्या. खानावळवाल्यानं तर मला ओळखून आधीच हात जोडले.

मंगळवारच्या काकू मला बघून म्हणाल्या, "आलास? मंगळवार तुझाच आहे. मी दुसऱ्या कोणाला दिला नाही."

त्यांनी पडवीतल्या फळीवरून एक पितळेचं ताट काढलं. नवं होतं, कल्हई केलेलं. काठावर नाव कोरलं होतं: विनायक. आमच्याकडे मुलीला सासरी देताना किंवा कोणाची आठवण म्हणून भांड्यावर नाव घालतात. मी क्षणभर हरखलोच.

"कधी घातलंत हे?" मी विचारलं.

"तू दवाखान्यात गेलास ना, त्याच आठवड्यात. नावं घालणारा आला होता आळीत." काकूंनी ताट पडवीतच मांडलं. "म्हटलं, तू परत आलास की लागेल. नाव असलं म्हणजे घरात दुसऱ्या कोणाला चुकून जायला नको."

त्यांनी ते सरळपणानं सांगितलं. मी परत येईन असं रत्नागिरीत धरून चालणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते ताट फळीवर एकटं ठेवणारंही तेच. मी जेवायला बसलो. त्या उंबऱ्याच्या आत बसल्या. मला भूक लागली होती. कितीतरी काळानं खरी, पोटातून लागलेली भूक. काकूंनी तीनदा वाढलं आणि तिन्ही वेळा मी नको म्हणालो नाही.

*

कोणी म्हणेल, उरलेले सहा वार स्वतः शिजवून खायचं होतंस. खाल्लं. धर्मशाळेत स्टोव्हवर पेज केली, विहिरीचं पाणी ओढलं, टेकडी चढलो, तास ऐकले, परत येऊन पुन्हा पेज. मंगळवारी तेवढं पोट भरायचं. थंडी पडायच्या आत संध्याकाळची कणकण पुन्हा आली. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोणीतरी तुझ्याकडे बघणारं आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी आहे."

"मग आईकडे जा," ते म्हणाले. "कॉलेज आणि फुफ्फुस, दोन्ही सांभाळायचं तुझ्याच्यानं होणार नाही."

मी प्रोफेसरांची पुस्तकं परत केली. त्यांनी ती घेतली नाहीत, म्हणून टेबलावर ठेवून आलो. त्या मंगळवारी काकूंकडे शेवटचं जेवलो. मी ताट घासून फळीवर ठेवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "ते घेऊन जा बरोबर. इथे त्यात कोण जेवणार?" आणि पहिल्यांदाच त्या उंबरा ओलांडून पडवीत आल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. आणखी जवळ यावं असं त्यांना वाटत होतं, ते मला दिसत होतं. त्या आल्या नाहीत.

*

आंजर्ल्याला येऊन आता बरीच वर्षं झाली. ताप पुन्हा आला नाही. हायस्कुलातल्या नोकरीला बी. ए. लागतं, आणि मी इंटरसुद्धा झालो नाही. वडिलांचं पंचांग खुंटीला लागलं नाही. आता गुडघ्यांमुळे त्यांना होत नाही, म्हणून श्रावणात पंचा टाकून मी फिरतो. सुमन माहेरपणाला येते तेव्हा मुलांना माझ्याकडे पाठवते, पण त्यांची पानं आत मांडते. मी काही म्हणत नाही.

ज्यांच्या घरी मुलगा कॉलेजात पाठवायचा आहे त्यांनी, आणि ज्यांच्या हातात कॉलेज आहे त्यांनीही, रोज एकाच माणसानं त्याच्याकडे बघावं अशी काही व्यवस्था करावी. सात भली माणसं पुरत नाहीत. त्यापलीकडे मला काही सुचत नाही.

ताट मी घरी आणलं त्या दिवशी आईनं ते हातात घेऊन नाव वाचलं. काकू फार मायेच्या दिसतात, असं म्हणाली. मग घासून, पुसून, घरातल्या ताटांच्या चळतीत न ठेवता पडवीतल्या फळीवर नेऊन ठेवलं. ते अजून तिथेच असतं. आता सातही वार मी त्याच ताटात जेवतो.